अभिस्तर-कोशिका संवर्धन, श्वसनमार्गाचे

श्वसनमार्गाच्या आतील पृष्ठभागास अस्तरासारखा चिकटून असलेल्या कोशिकाथरातून (अभिस्तरातून) जिवंत कोशिका सुट्या करून त्या शरीराबाहेर, पोषक द्रवाच्या साहाय्याने वाढविण्याच्या तंत्रास ही संज्ञा लावतात. प्राण्याच्या शरीरातून थेट काढलेल्या व अमर्याद विभाजनाची क्षमता न आलेल्या कोशिकांच्या अशा संवर्धनास ‘प्राथमिक संवर्धन’ म्हणतात. १९७० नंतरच्या दोन दशकांत या विषयातील पायाभूत कार्याचा मोठा भाग उंदराच्या श्वासनालातील कोशिकांवर झाला. मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरला जातो व त्यामुळे वैज्ञानिक लेखनात पुष्कळदा घोटाळा होतो. प्रस्तुत नोंदीत उंदीर म्हणजे रॅट हा मोठा प्राणी अभिप्रेत असून माउस या लहान प्राण्याचा उल्लेख ‘लहान उंदीर’ असा केला आहे.

निरोगी श्वासनालाच्या अभिस्तरात मुख्यतः तीन प्रकारच्या कोशिका असतात. पृष्ठभागावरील पक्ष्माभिकायुक्त कोशिकांना केसांसारख्या सूक्ष्म वाढी असून त्या सेकंदास सु. १० ते २० वेळा एका लयीत हलतात. स्रावी कोशिका श्लेष्मा व इतर द्रव्ये स्रवतात. तळाशी बुटक्या आधार कोशिका असतात व जखम झाल्यास थराची पुनर्रचना करण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. श्वासाबरोबर आलेली धूळ श्लेष्म्यात अडकते आणि पक्ष्माभिकांच्या हालचालीमुळे हा श्लेष्मा सरकत सरकत घशाकडे जातो, तेथून तो गिळला अथवा खोकून टाकला जातो. ही यंत्रणा मंदावली, किंवा श्लेष्मा वाजवीपेक्षा अधिक व चिकट होऊ लागला, की कायमचा खोकला, दम लागणे व वारंवार जंतुसंसर्ग होणे ही मालिका सुरू होते. [→ श्वसन तंत्र].

सोलापूरसारख्या शहरात हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली जाणारी तेथील पहिली सूतकताई व विणकामाची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी फ्रान्समध्ये आद्रियाँ प्रूस्त (१८३४–१९०३) या वैद्याने कापूस, अंबाडी यांसारख्या तंतूंच्या धुळीने होणाऱ्या श्वसनविकारास ‘बिसिनोसिस’ हे नाव दिले. (हे प्रूस्त म्हणजे प्रसिद्ध कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांचे वडील. पुत्र स्वतः दमेकरी होता.) साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे या विकाराचे प्रारंभीचे लक्षण होय. आठवड्याच्या पुढील दिवसांत ते कमी होते आणि म्हणूनच कामगार त्याकडे दुर्लक्ष करतो. वर्षे लोटली की हा त्रास रोजचा होतो व शेवटी विश्रांतीनेही तो हटत नाही. सर्वाधिक धूळ कापूस फोडण्याच्या व पिंजण्याच्या खात्यांत, म्हणजे गिरणीच्या भाषेत ब्लोरूम व कार्डिंगमध्ये उडते. विणकाम खात्यात ती तुलनेने कमी असते, परंतु तेथे ताण्यास लावलेल्या खळीचे कणही हवेत मिसळतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातील मोठ्या गिरण्या टप्प्याटप्प्याने बंद पडत गेल्या. चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग आणि विड्या वळण्याचा व्यवसाय यांवर शहरातील कष्टकऱ्यांचा मोठा वर्ग अवलंबून राहिला. विड्या वळणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया असून त्या तंबाखू व पाने घरी आणून काम करतात. त्यामुळे तंबाखूची धूळ कारखान्याच्या भिंतींत न राहता थेट स्वयंपाकाच्या व झोपण्याच्या खोलीत येते.

भारतीय गिरण्यांत बिसिनोसिस विरळा आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. अशा समजुतीचे एक कारण पाहणीच्या पद्धतीतच दडलेले असते. ज्याचा श्वास पुरत नाही तो काम सोडून गावी जातो आणि तपासणीला उरतात ते धडधाकट. इंग्लंडमध्ये आर. एस. एफ. शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात लँकाशरमधील गिरणी कामगारांच्या लक्षणांची प्रतवारी ठरवून दिल्यावर वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांची तुलना करणे शक्य झाले. मुंबईचे वक्षरोगतज्ञ एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी कापड-गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूम्रपान वा इतर कारणांनी होणारा जुनाट श्वासरोध आणि बिसिनोसिस यांत भेद कसा करावा, हा त्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न होता. प्रश्न नाजूक होता, कारण नुकसानभरपाई त्यावरच अवलंबून असते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत कापसाच्या धुळीने होणारा रोग समाविष्ट झाला, तरी ‘हा खोकला विडीचा की गिरणीचा’ या वादात कामगाराची बाजू बहुधा लंगडी पडत असे.

माणसांच्या पाहणीतून रोग आहे हे कळते, पण धुळीतील नेमका कोणता घटक तो घडवितो हे कळणे अवघड असते. कापसाच्या धुळीत तंतू, बोंडाखालच्या सहपत्रांचा चुरा, माती, बुरशी, जंतू व जंतूंची विषे असे सर्व काही असते. गिरणीतला माणूस ते सर्व एकदम आत घेतो. घटक सुटे करून एकेकाचा परिणाम पाहायचा, तर प्राणी किंवा कोशिका यांच्याकडे वळावे लागते.

कोशिका शरीराबाहेर जिवंत ठेवण्याची सुरुवात रॉस ग्रॅनव्हिल हॅरिसन (१८७०–१९५९) या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये बेडकाच्या तंत्रिका-ऊतकावर केली. १९५१ मध्ये बॉल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत मानवी कर्कार्बुदापासून ‘हेला’ ही सतत वाढणारी कोशिकामालिका मिळाली. महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध येतो तो याच प्रयोगशाळेमुळे. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत डॉक्टरेट मिळविल्यानंतर गाय यांच्याकडे संवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. परत आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतक संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती भारतातील अशा प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते. त्यांचे स्वतःचे कार्य स्तनाच्या व रक्ताच्या कर्करोगाविषयीचे होते, श्वसनमार्गाविषयीचे नव्हे. तथापि निर्जंतुक हातांनी कोशिका वाढविण्याची शिस्त या भागात रुजली ती तेथून. १९८० नंतरच्या दशकात पुण्यास कोशिका संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली व तिचेच पुढे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात रूपांतर झाले. [→ ऊतक संवर्धन].

महाराष्ट्रात उंदराचे नाव वैद्यकाशी जोडले गेले ते प्लेगमुळे. १८९६ पासूनच्या साथींनी मुंबई इलाखा हादरला आणि परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) उंदीर व पिसू यांच्यावर झालेल्या प्रयोगांनी रोगप्रसाराचा मार्ग निश्चित झाला. प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर मात्र घरात वावरणाऱ्या काळ्या उंदराचा वंशज नसून तपकिरी उंदराची पाळीव जात आहे. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची पद्धतशीर पैदास सुरू झाली. सारख्या वंशाचे, सारख्या आहाराचे व ज्ञात वयाचे प्राणी हवे तेव्हा मिळणे हे त्याचे मोठे वैशिष्ट्य होय. श्वसनमार्गाच्या अभ्यासकास आणखी एक सोय होते, ती म्हणजे उंदराचा श्वासनाल हातात धरून काम करता येईल इतका मोठा असतो. लहान उंदराचा तितका नसतो.

उंदराच्या श्वसनमार्गाचे अस्तर परिस्थितीनुसार स्वरूप बदलते, हे प्रथम आहारशास्त्राने दाखविले. बॉस्टन येथील एस. बी. वॉलबाख व पी. आर. हो यांनी १९२५ मध्ये अ जीवनसत्त्वरहित आहारावर उंदीर ठेवले, तेव्हा पक्ष्माभिकायुक्त अस्तराच्या जागी त्वचेसारखा खरबरीत, शृंगी थर निर्माण झाल्याचे त्यांना आढळले. मार्ग तोच, पण त्यावरील गालिचा जाऊन जणू फरशी आली. सदतीस-अडतीस वर्षांनी लंडनमध्ये लिन रीड यांनी उंदरांना अनेक आठवडे सल्फर डाय-ऑक्साइडयुक्त हवेत ठेवले. त्यांच्या श्वसनमार्गात श्लेष्मा स्रवणाऱ्या चषक कोशिकांची संख्या वाढली व एरवी जेथे त्या नसतात अशा दूरच्या बारीक नलिकांतही त्या दिसू लागल्या (१९६३). जुनाट श्वासनलिकाशोथाचा हा प्रायोगिक नमुना पुढे प्रमाणभूत ठरला. स्वच्छ वातावरणात वाढलेल्या उंदरात चषक कोशिका मुळातच फार थोड्या असतात, त्यामुळे त्यांची वाढ चटकन नजरेत भरते.

१९७० नंतर अमेरिकेतील ओक रिज येथे पॉल नेटेसहाइम व त्यांचे सहकारी यांनी कर्करोगजनक द्रव्यांच्या अभ्यासासाठी एक विलक्षण युक्ती योजली. एका उंदराचा श्वासनाल काढून तो त्याच वंशाच्या दुसऱ्या उंदराच्या पाठीच्या कातडीखाली बसवीत व त्या नळीत कर्करोगजनक द्रव्याची गोळी ठेवीत. नेमकी किती मात्रा किती दिवस लागली हे त्यामुळे ठरविता येई. पुढे त्यांनी श्वासनाल गोठवून व वितळवून त्यातील सर्व कोशिका नष्ट केल्या आणि त्या उघड्या नळीत संवर्धनातील कोशिका सोडल्या. काही आठवड्यांत नळीला पुन्हा रीतसर अस्तर आले (१९७८). वाढविलेल्या कोशिकांनी आपले मूळ कौशल्य गमावलेले नसते, याचा हा निर्णायक पुरावा होता.

हा पुरावा महत्त्वाचा ठरण्याचे कारण असे की, पात्रात पाहणाऱ्यास नेमके उलटे दिसे. प्लॅस्टिकवर द्रवात बुडवून ठेवलेल्या उंदराच्या कोशिका पसरत, विभाजित होत, पण काही दिवसांत चपट्या बनून पक्ष्माभिका व श्लेष्मा दोन्ही सोडून देत. ज्या यंत्रणेचा अभ्यास करावयाचा तीच नाहीशी होई. प्रथम पोषक द्रवाकडे लक्ष वळले. रक्तरसाऐवजी इन्शुलिन, ट्रान्स्फेरिन, हायड्रोकॉर्टिसोन, अभिस्तर-वृद्धिघटक अशी ज्ञात द्रव्ये मोजून घालण्याची पद्धत १९८० च्या सुमारास रूढ झाली. त्यात अ जीवनसत्त्वापासूनचे रेटिनॉइक अम्लही आले. ते नसेल, तर पात्रातही वॉलबाख व हो यांच्या उंदरांप्रमाणेच शृंगी थर तयार होतो. कोशिकांची वाढ जोमदार व्हावी म्हणून अत्यल्प प्रमाणात पटकीच्या जंतूचे विषही घालतात. हे विष १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी शोधून काढले. आतड्यात माणसाचा जीव घेणारे द्रव्य पात्रात कोशिकांना जोम देते, हे ऐकून नवख्या विद्यार्थ्याचा विश्वास बसत नाही. पण कोशिकेतील एकाच संदेशवाहक द्रव्याची पातळी वाढविण्याने दोन ठिकाणी दोन परिणाम होतात, एवढाच त्याचा अर्थ.

खरी अडचण मात्र द्रवात काय आहे ही नसून द्रव कोठे आहे ही होती. शरीरात या कोशिकांच्या डोक्यावर हवा असते व अन्न खालून येते. व्हिटकट, ॲडलर व वू यांनी १९८८ मध्ये सच्छिद्र पटलावर कोशिका वाढवून खालून पोषक द्रव व वरून हवा अशी दोन कप्प्यांची रचना वर्णन केली. उंदराच्या कोशिकांसाठी तिची सविस्तर घडण नेटेसहाइम यांच्या गटाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. वरचा द्रव काढून टाकताच चित्र पालटले. काही दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली पक्ष्माभिका हलताना दिसू लागल्या व पृष्ठभागावर श्लेष्मा साचू लागला. तोच थर द्रवात बुडवून ठेवला, तर पक्ष्माभिकायुक्त कोशिका तयार होणे थांबते, असेही १९९५ मध्ये दाखविण्यात आले. बुडालेल्या कोशिकांना ऑक्सिजन कमी पडतो, हे त्याचे एक कारण मानले जाते.

प्रत्यक्ष काम पुढीलप्रमाणे चालते. उंदरास वेदनारहित मृत्यू देऊन श्वासनाल निर्जंतुकपणे काढतात, तो स्वच्छ करून आत प्रोनेज या प्रथिनभंजक एंझाइमाचा विद्राव भरतात आणि रात्रभर ४° से. तापमानास ठेवतात. थंडीमुळे एंझाइम सावकाश काम करते व कोशिका न मरता तळपटलापासून सुटतात. सकाळी त्या धुऊन घेतात. एका प्राण्यापासून काही लक्ष कोशिका मिळतात. कोलॅजेनाचा लेप दिलेल्या पटलावर त्या सोडून सु. आठवडाभर दोन्ही बाजूंनी द्रव ठेवतात व थर अखंड झाल्यावर वरचा द्रव काढतात. थर अखंड झाला की नाही हे त्याच्या विद्युत् रोधावरून कळते. प्राणी जंतुमुक्त पैदाशीचे नसतील, तर मायकोप्लाझ्मासारख्या संसर्गाने अस्तर आधीच बदललेले असते. मग प्रयोगात दिसणारा दोष धुळीचा की त्या संसर्गाचा, हे सांगता येत नाही.

या तंत्राने मिळालेल्या ज्ञानापैकी काही भाग चिरस्थायी ठरला. आधार कोशिका व स्रावी कोशिका वेगळ्या करून रिकाम्या श्वासनालात सोडल्या असता दोन्ही गट अस्तराची पुनर्निर्मिती करू शकतात, असे १९९० च्या सुमारास आढळून आले. कर्करोगजनक द्रव्य लावलेल्या उंदराच्या कोशिकांतून अमर्याद वाढणारे पुंज निर्माण होतात. त्यांची मोजणी करून कर्करोगरोधक द्रव्यांची चाळणी करण्याची कसोटी १९९० मध्ये मांडण्यात आली. येथे विडीचा उल्लेख अपरिहार्य आहे. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेचे एल. डी. संघवी यांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये केलेल्या विश्लेषणात विडीच्या धुरात बेंझोपायरीनासारखी कर्करोगजनक हायड्रोकार्बने अमेरिकन सिगारेटच्या धुरापेक्षा अधिक आढळली होती. परंतु विडी ओढणारा आणि विडी वळणारी यांच्या श्वासात सारखे द्रव्य जात नाही. वळणारीच्या वाट्यास न जळलेल्या तंबाखूची धूळ येते. धुरावरील निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावणे चूक होय, आणि तिच्यावरील धोका नाकारण्यासाठी ते वापरणे ही त्याहून मोठी चूक होय.

कापसाच्या धुळीबाबत संशयाची सुई जंतूंच्या आवरणातील अंतर्विषाकडे वळली. अमेरिकेत स्वयंसेवकांना पिंजणयंत्राची धूळ हुंगावयास देऊन केलेल्या प्रयोगात श्वासक्षमतेतील घट धुळीच्या एकूण वजनापेक्षा तिच्यातील अंतर्विषाच्या प्रमाणाशी अधिक जुळली (१९८७). उंदरांच्या श्वसनमार्गात अंतर्विष सोडल्यावर अस्तरात श्लेष्म्याचा साठा वाढतो, हे हार्केमा व हॉचकिस यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. मात्र जिवंत उंदरातील या बदलात रक्तातून धावून आलेल्या श्वेत कोशिकांचा मोठा वाटा असतो, आणि केवळ अभिस्तर असलेल्या पात्रात त्या नसतातच. म्हणजे एखादी धूळ पात्रातील थराला अपाय करीत नाही एवढ्यावरून ती कामगारास निरुपद्रवी ठरत नाही.

दुसरी मर्यादा प्राण्याच्या भेदाची. उंदीर केवळ नाकाने श्वास घेतो आणि त्याचे गुंतागुंतीचे नाक पुष्कळ धूळ अडविते. मागावर उभा असलेला माणूस श्रमाने तोंडाने श्वास घेऊ लागतो. माणसात श्लेष्मग्रंथी फुप्फुसातील श्वासनलिकांपर्यंत पसरलेल्या असतात, उंदरात त्या बहुतांशी श्वासनालापुरत्याच असतात. उलट अतिधुळीने उंदराच्या फुप्फुसात होणाऱ्या गाठी इतर प्रयोगप्राण्यांत सहसा होत नाहीत, असा अनुभव काजळी व टिटॅनियम डाय-ऑक्साइड यांच्या बाबतीत आला. भोपाळच्या १९८४ मधील वायुदुर्घटनेनंतर ही दोन्ही अंगे एकत्र पाहावयास मिळाली. इंग्लंडमध्ये १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी मिथिल आयसोसायनेटाने उंदराच्या श्वसनमार्गाचे अस्तर कसे उद्ध्वस्त होते ते दाखविले. वाचलेल्या माणसांचा श्वास पुढे कसा राहिला, हे मात्र कामत यांच्या मुंबईतील गटासारख्या चिकित्सकांना रुग्ण तपासूनच सांगावे लागले.

धूळमर्यादा ठरविताना जगाने पात्रातील निष्कर्षांची वाट पाहिली नाही, हेही नमूद करावयास हवे. अमेरिकेने १९७८ मध्ये सूतकताईसाठी घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅम व विणकामासाठी ७५० मायक्रोग्रॅम कापूसधुळीची मर्यादा घातली, ती कामगारांच्या पाहणीवरून. यंत्रांना झाकणे व धूळ ओढून घेणारे पंखे बसविण्यास अंतर्विषाचे गूढ उकलण्याची गरज नव्हती.

१९९० नंतर मानवी कोशिकांचे संवर्धन सुलभ होत गेले व २००२ मध्ये लहान उंदराच्या कोशिकांसाठीही हवा-द्रव पद्धत प्रसिद्ध झाली. आनुवंशिक फेरफार केलेल्या लहान उंदरांचे प्रकार विपुल असल्याने मूलभूत संशोधनातील बराचसा भाग तिकडे वळला. डिसेंबर २०१९ मध्ये चीनमध्ये उद्भवलेल्या कोविडच्या विषाणूचे प्रथम विलगीकरण करताना मानवी श्वसनमार्गाच्या अभिस्तर-कोशिका वापरण्यात आल्या. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली होते. औषधचाचणीच्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन कोशिका संवर्धनासारख्या प्राणिविरहित पद्धतींना मान्यता मिळाली. नाकातून लहान ब्रशने खरवडून घेतलेल्या कोशिकाही आता अशा रीतीने वाढविता येतात. त्यामुळे यंत्रमागावर किंवा तंबाखूच्या सुपापाशी काम करणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्याच कोशिका कोणाही प्राण्याचा जीव न घेता तपासणे तत्त्वतः शक्य झाले आहे. उंदराच्या कोशिकांची जागा उरली आहे ती मुख्यतः एका कामासाठी : धूळ हुंगविलेला जिवंत उंदीर आणि त्याच वंशाच्या उंदराच्या कोशिकांचा पात्रातील थर यांची शेजारी शेजारी तुलना करून, पात्रात दिसते त्यातील किती भाग शरीरातही खरा ठरतो ते मोजण्यासाठी.